इंग्रजी शिकण्यामागील प्रेरणा आणि विद्यार्थ्याचे वय

मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी कशासाठी शिकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वयाबरोबर बदलत जाते. वय वाढते तसतशी आस्था वाढते किंवा ओसरते, असे सरसकट विधान करता येत नाही. आस्थेचे कारण पालटते, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

गार्डनर व लँबर्ट यांनी १९५९ मध्ये अशा प्रेरणेचे दोन प्रकार मानले : परभाषिक समाजाशी जवळीक साधण्याची इच्छा आणि व्यावहारिक लाभाची अपेक्षा. त्यांचे संशोधन माँट्रिऑलचे. तेथील इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना फ्रेंच भाषकांचा शेजार होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, पाथर्डी वा जामखेड येथील मुलाभोवती इंग्रजीभाषक समाज नाही. त्यामुळे येथे झोल्तान डॉर्न्ये यांनी २००५ मध्ये मांडलेला विचार अधिक उपयोगी पडतो. 'मी पुढे कोण होऊ इच्छितो' आणि 'मी कोण व्हावे असे इतरांना वाटते', अशी दोन चित्रे विद्यार्थ्याच्या मनात असतात, असे ते मानतात.

पूर्वीच्या मुंबई राज्यात १९५० च्या दशकात इंग्रजीचा आरंभ आठवीत होई. महाराष्ट्रात २००० पासून ती पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. सहा वर्षांच्या मुलापाशी भविष्याचे चित्र नसते. गाणे, खेळ आणि बाईंची शाबासकी एवढीच त्याची प्रेरणा. हेतू असतो तो पालकांचा. आठवी ते दहावीच्या काळात शालान्त परीक्षा हेच साध्य होऊन बसते. पाठांतराचा जोर वाढतो, प्रेरणा तीव्रही होते. परंतु तिचा संबंध गुणांशी असतो, भाषेशी नव्हे.

अकरावीच्या विज्ञान शाखेत, किंवा पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, इंग्रजी हा केवळ विषय न राहता ज्ञानाचे माध्यम बनतो. सेमी-इंग्रजी वर्गांत हा पालट आधीच घडलेला असतो. इतरांना तो एकाएकी भेटतो. आता गरज विद्यार्थ्याची स्वतःची असते, पण आत्मविश्वास डळमळतो. पुढे मुलाखतीच्या वेळी भविष्याचे चित्र अगदी स्पष्ट होते. तोवर शाळेतील इंग्रजीच्या नित्य तासिका संपलेल्या असतात.

विसंगती ती हीच. गोडी असते तेव्हा हेतू उसना असतो. हेतू आपला होतो तेव्हा शिकविणारा जवळ नसतो. ही दरी सांधण्याचे वय आठवी-नववीचे होय. कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना वाचून घरी समजावून सांगणे, अथवा शिर्डीस आलेल्या तेलुगूभाषक यात्रेकरूस वाट सांगणे, अशा कामांतून इंग्रजीचा उपयोग मुलास प्रत्यक्ष अनुभवता येईल. परीक्षेच्या पलीकडचे कारण त्याच वयात हाती लागले, तर परीक्षा संपल्यावरही शिकणे थांबणार नाही.