वेबसाइटवर ‘४०४’, ‘५०३’ का दिसते? जाणून घ्या ‘एरर पेज’मागचे गणित

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मोबाइल एकाच वेळी एकाच संकेतस्थळाकडे वळतात. अशा वेळी स्क्रीनवर नुसते ‘५०३’ उमटले तर बैठक क्रमांक चुकला, निकाल राखून ठेवला की साइट बंद पडली, हे घरच्यांना कसे कळणार?

आकड्यांचा अर्थ काय?
४ने सुरू होणारा कोड म्हणजे विनंतीत अडचण. ‘४०४’ म्हणजे त्या पत्त्यावर पान नाही. ५ने सुरू होणारा कोड म्हणजे सर्व्हरची अडचण. ‘५००’ म्हणजे अंतर्गत बिघाड, तर ‘५०३’ म्हणजे ताण किंवा देखभालीमुळे सेवा तात्पुरती बंद.

उपाय काय?
स्वतःचे एरर पेज. ‘एनजिनएक्स’मध्ये त्यासाठी ‘एरर पेज’ची एक ओळ पुरते. ‘जँगो’त ४०४ आणि ५०० नावाच्या एचटीएमएल फाइल ठेवून डिबग बंद करावे लागते. डिबग सुरू राहिले तर कोडचे तुकडे परक्यांनाही दिसतात.

काय टाळावे?
- एरर पेज डेटाबेसवर अवलंबून नको. डेटाबेस बंद पडला की तेही उघडणार नाही.
- नीटनेटके पान ‘२००’ म्हणजे ‘सर्व ठीक’ या कोडसोबत पाठवू नये. सर्च इंजिनची दिशाभूल होते.

पानावर काय लिहावे?
‘साइटवर ताण आहे. तुमच्या निकालावर परिणाम नाही. १५ मिनिटांनी पाहा.’ एवढ्याने धाकधूक कमी होते आणि वारंवार रिफ्रेश केल्याने वाढणारा भारही.