यादीत नसलेली गळती

आजचा विषय ऐकायला जड आहे: कारखानदारी, पुरवठा साखळी, शाश्वतता आणि डिजिटल तंत्रज्ञान. घाबरू नका. आपण देवळाच्या दारापासून सुरुवात करू.

आमच्या बंगळुरूतल्या बनशंकरीच्या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या सालीत दिवे लावतात. बाहेर लिंबं विकणाऱ्या अज्जीपुढे क्यूआर कोडची पाटी असते. मोबाइल धरला की पैसे पोचतात. पण हा काळा-पांढरा चौकोन पैशांसाठी जन्मलेला नाही. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो तयार झाला. जुन्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड वाचत बसावं लागे. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात हजार आकडे मावतील असा चौकोन काढला. पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणजे अज्जीपुढची पाटी मुळात कारखान्यातल्या मालाची चिठ्ठी आहे. माल कोणता, कुठून आला, कुठे जायचा, हे सांगणारी.

अशा चिठ्ठ्यांमध्येच माझी नोकरी गेली. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. रेशन, इंधन, गाड्या हे आमचं काम. लडाखकडचे रस्ते बर्फाने बंद होण्याआधी पुढच्या चौक्यांवर अख्ख्या हिवाळ्याचा साठा करावा लागतो. कॅप्टन असताना एका चौकीवर रॉकेलचे जेरीकॅन मी मोजून घेतले. आकडा बरोबर होता. सही केली. वजन मात्र केलं नाही, कारण फॉर्मवर वजनाचा रकाना नव्हता. फेब्रुवारीत कळलं की बरेच कॅन सांध्यातून झिरपून अर्धे झालेत. उरलेला हिवाळा जवानांनी रात्री बुखारी लवकर विझवून काढला. जीव कुणाचा गेला नाही, पण त्या रात्री त्यांनी काढल्या, मी नाही. माझं खातं अचूक होतं आणि खोटंही होतं.

संगणक आला म्हणून हा दोष जात नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ साली ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. शेतकरी आपली बाग कृषी खात्याकडे नोंदवतो, बागेला क्रमांक मिळतो. प्रयोगशाळा त्या बागेतला नमुना घेऊन औषधांचे अंश तपासते. अहवाल चांगला आला तरच माल पुढे सरकतो. नाशिक-सांगलीकडची पेटी युरोपात पोचल्यावरही ती कोणत्या बागेची हे सांगता येतं. आपल्याकडे शेतमालासाठी अशी व्यवस्था पहिल्यांदाच होत होती.

तरीही २०१० साली गडबड झाली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ आवरायला वापरतात ते संजीवक, युरोपात द्राक्षांमध्ये मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. माल अडकला आणि बागायतदार अडचणीत आले. खरी अडचण अशी की हे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. प्रयोगशाळेने खोटं सांगितलं नव्हतं. तिला विचारलंच नव्हतं. पुढे ते यादीत आलं. मंडळी, यंत्र विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

आता बनशंकरीला परत येऊ. इथून मेट्रोच्या ग्रीन लाइनने निघालं की गाडी न बदलता पीण्याला उतरता येतं. पीण्या म्हणजे लहान कारखान्यांचा मोठा मुलूख. तिथे माझ्या एका फौजी मित्राच्या मुलाचा नट-बोल्टचा कारखाना आहे. त्याचा माल एका निर्यातदारामार्फत युरोपात जातो. परवा तो म्हणाला, "काका, गिऱ्हाइकाने भलामोठा तक्ता पाठवलाय. एक टन बोल्टमागे किती कार्बन, ते विचारतायत. अंदाजे भरून टाकू का?"

हे त्याला कशाला विचारतात, ते सांगतो. युरोपियन युनियनने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर, तो माल बनताना निघालेल्या कार्बनचा आकार बसवलाय. त्याला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशोब सुरू झाला. पोलादाचे नट-बोल्टही त्यात येतात. पैसे भरणार तिकडचा आयातदार, पण तो ते इकडच्या भावातून वळते करायला बघणार. आणि खरा आकडा नसेल तर ठरवून दिलेला चढा आकडा धरतात. म्हणजे ज्याच्याकडे नोंद नाही, तो दुसऱ्याच्या धुराचेही पैसे मोजतो.

मी त्याला म्हटलं, "अंदाजे भरू नकोस. मी एकदा सही करून बसलोय." मग आम्ही कारखान्यात फिरलो.

बोल्टमधला बराचसा कार्बन त्याच्या कारखान्यात निघतच नाही, तो पोलादाबरोबर येतो. लोहखनिज आणि कोळशापासून एक टन पोलाद करताना साधारण दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर बराच कमी. दिसायला दोन्ही सळ्या सारख्याच. फरक सांगतो तो बंडलाच्या बिल्ल्यावरचा हीट नंबर आणि गिरणीचं प्रमाणपत्र. आमचा पठ्ठ्या माल आत आला की बिल्ले काढून टाकायचा. आता तो बिल्ल्याचा फोटो काढतो, प्रत्येक लॉटला क्यूआर चिकटवतो आणि तो हीट नंबराशी जोडतो. पुरवठादाराकडे गिरणीच्या कार्बनचा आकडा मागायला त्यामुळे आधार मिळाला. भट्टीच्या इंधनाला त्याने वेगळा मीटर लावला.

तेवढ्यात मला फुस्स असा आवाज आला. दाबाची हवा गळत होती. मी विचारलं, तर तो म्हणाला, "काका, पोलादाच्या मालाला सीबॅममध्ये सध्या वीज धरत नाहीत. ते यादीत नाही." मला माझे जेरीकॅन आठवले.

तुमच्या ओळखीत कुणाचा कारखाना असेल तर ही चाचणी सांगा, खर्च काहीच नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवायची आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. दाब भरला की तो थांबेल. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे पुन्हा चालू व्हायचं कारण नाही. झाला, तर गळती आहे. किती मिनिटं चालतो आणि किती मिनिटं थांबतो, ते लिहा. आमच्याकडे तो ३ मिनिटं चालला, ७ मिनिटं थांबला. दहातली तीन मिनिटं, म्हणजे ३० टक्के हवा वाऱ्यावर. साबणाचं पाणी लावून सांधे शोधले आणि होज बदलले. नंतर कॉम्प्रेसरच्या चालण्या-थांबण्याची नोंद मोबाइलवर पाठवणारं एक यंत्र बसवलं. आधी कान, मग यंत्र, हा क्रम लक्षात ठेवा. युरोपने विचारलं नव्हतं, पण विजेचं बिल उतरलं आणि आपल्या कोळशाच्या वीजकेंद्रावरचा तेवढा भार कमी झाला.

शाश्वतता म्हणजे मला एवढंच कळतं: वस्तू कुठून आली आणि ती बनताना काय खर्ची पडलं, याचा खरा हिशोब. डिजिटल तंत्र हा हिशोब झटपट नेतं आणि जपून ठेवतं. तो खरा करणं मोजणाऱ्याच्या हातात असतं. आणि मोजणाऱ्याला स्वतःला त्यातून दोन पैसे वाचले, तरच तो मन लावून मोजतो. नाहीतर तक्ता भरतो.

म्हणून नोंद तपासताना रकाने पाहाच, पण एक प्रश्न आणखी विचारा: इथे काय विचारायचं राहिलंय? मी तो कॅप्टन असताना विचारला असता, तर त्या चौकीवरची बुखारी रात्रभर पेटती राहिली असती.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.