शिलाई मशीन घेताना आणि दुरुस्त करताना विश्वासू माणूस कसा ओळखायचा?

मोबाईल घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पण ज्या मशीनवर घर चालतं, ते मात्र पहिल्याच दुकानातून उचलतो. आमच्याकडेही तेच झालं, म्हणून आज हा विषय.

माझी आई ब्लाऊज शिवते. ऐन दिवाळीत मशीन टाके सोडायला लागलं. दुकानातला माणूस आला, "शटल गेलंय" म्हणाला आणि मशीनचं डोकं घेऊन गेला. पावती नाही, काही नाही. आठ दिवसांनी मशीन परत आलं, 1,800 रुपये गेले, टाके तसेच सुटत होते! त्या आठ दिवसांत आईच्या दोन गिऱ्हाईकांनी कापड परत नेलं.

मग शेजारच्या टेलरकाकांनी त्यांचे मेकॅनिक पाठवले. ते आले आणि आधी म्हणाले, "ताई, जरा शिवून दाखवा." दोन मिनिटांत त्यांनी सुई काढली, फिरवून बसवली, आणि टाका सरळ पडायला लागला. सुई उलटी बसली होती, आणि ती बसवली होती मीच!

नेमकं काय होत होतं?

घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. सुई खाली जाऊन थोडी वर येते, तेव्हा त्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं आणि वरचा दोरा बॉबिनच्या दोऱ्यात अडकवतं. सुई उलटी असेल तर फास भलत्याच बाजूला होतो, शटलला तो सापडत नाही आणि टाका सुटतो. सुई वाकलेली किंवा बोथट असली तरी हाच त्रास होतो. म्हणून टाके सुटले की पहिली तपासणी सुईची, मग दोरा ओवण्याची, मग टेन्शनची. शटल आणि टायमिंग सगळ्यात शेवटी. जो मेकॅनिक काही न बघता थेट महागड्या पार्टवर येतो, त्याच्यापासून सावध राहा.

चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा?

- आधी मशीन चालवून बघतो, मग बोलतो.
- काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च सांगतो.
- बदललेला जुना पार्ट न मागता हातात देतो. (आम्हाला तो मिळालाच नव्हता!)
- काम झाल्यावर तुमच्याच कापडावर शिवून दाखवतो.

असा माणूस शोधायचा तर रोज मशीन चालवणाऱ्या टेलरना आणि पिको-फॉलवाल्या ताईंना विचारा. मशीन बंद पडलं तर त्यांची मजुरी बुडते, त्यामुळे ते उगाच कोणाचं नाव सांगत नाहीत.

नवीन मशीन घेताना

1. स्वतःचं कापड घेऊन जा. पातळ कापडावर आणि चार घड्यांवर शिवून बघा. वर पांढरा आणि बॉबिनला रंगीत दोरा लावा. वरच्या बाजूला रंगीत ठिपके दिसले तर टेन्शन जुळलेलं नाही. ते तिथेच जुळवून घ्या.
2. शटल, बॉबिन केस, पट्टा दुकानात मिळतो का आणि सर्व्हिसला कोण येणार, हे विचारा.
3. बिलावर मशीनचा सिरियल नंबर हवाच. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. मोटर वॉरंटीत येते का, तेही विचारून घ्या.
4. दुरुस्तीला मशीन देताना पावती घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी कामासाठीही 15,000 रुपयांपर्यंतचं टूलकिट मिळतं. मशीन सरकारी मदतीतून आलं तरी तपासणी अशीच करा.

तरीही फसवणूक झालीच तर?

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण त्यासाठी हातात बिल लागतं. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून 1,800 रुपयांवर पाणी सोडावं लागलं.

आता आईच्या मशीनच्या खणात दोन गोष्टी कायम असतात: नव्या सुयांचं पाकीट आणि पावत्यांची पिशवी. तुम्हीही ठेवा.