मंदिराबाहेर आलेले कूत्तंबलम

कुडियाट्टम ही केरळची प्राचीन संस्कृत नाट्यपरंपरा होय. शतकानुशतके तिचे प्रयोग मंदिराच्या आवारातील कूत्तंबलम या नाट्यगृहात होत. सादरीकरणाचा अधिकार चाक्यार व नंबियार कुटुंबांपुरता असे. ज्यांना मंदिरप्रवेश नव्हता, ते प्रेक्षकही होऊ शकत नसत.

ही चौकट मोडण्यात केरळ कलामंडलम या संस्थेचा वाटा मोठा आहे. कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन व मुकुंद राजा यांनी १९३० मध्ये ती स्थापन केली. आज चेरुतुरुत्ती येथील ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे. तेथे १९६५ मध्ये पैंकुळम राम चाक्यार यांच्या मार्गदर्शनाखाली कुडियाट्टमचे वर्ग सुरू झाले आणि अन्य समाजांतील विद्यार्थ्यांनाही ही विद्या खुली झाली. पुढे १९७६ मध्ये संस्थेच्या आवारातच कूत्तंबलम उभे राहिले. विद्यार्थ्यांना पारंपरिक रंगमंच लाभला, तर परिसरातील रसिकांना जातिधर्माच्या अटीविना प्रेक्षागृहात स्थान मिळाले.

युनेस्कोने २००१ मध्ये कुडियाट्टमचा गौरव केला. कलामंडलमच्या कथकली अभ्यासक्रमात मुलींना प्रवेश मिळण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. परंपरेचे जतन म्हणजे केवळ तिचे संरक्षण नव्हे. शिकणाऱ्यांचे व पाहणाऱ्यांचे वर्तुळ विस्तारणे हाही त्याचाच भाग आहे.