चार चाकांवरचा गडगडाट

शिक्षकाचा पेशा पत्करलेल्यास एक अनुभव हटकून येतो. आपण पेरलेले कोठे आणि कोणत्या रूपाने उगवेल, याचा नेम नसतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आम्ही मराठीबरोबर प्रसंगी विज्ञानाचेही तास घेत असू. ‘ध्वनी’ हा पाठ आला की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी, मग तीत थोडे पाणी ओतून पुन्हा फुंकावे, आणि चढलेला सूर ऐकून मुलांनी टाळ्या पिटाव्यात, असा आमचा परिपाठ होता. त्या टाळ्या पिटणाऱ्यांपैकी एकाने परवाच्या श्रावणात आम्हांस बोलावणे धाडले. “सर, गाडी तयार झाली. नारळ तुमच्याच हातचा पाहिजे.”

आमच्या बेळगावात गणेशोत्सव आणि शिवजयंती म्हणजे साऱ्या शहराचे कार्य. कपिलेश्वर तलावाकडे निघालेली विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तरी संपत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी तर मराठी घरांतील लहानथोर रात्र जागवतात. या मिरवणुकांतून वाजणारी ‘साउंड’ची गाडी आपल्या हातची असावी, ही त्या मुलाची महत्त्वाकांक्षा. त्याने आयटीआयत वीजतंत्रीचे शिक्षण घेतलेले, हात कसबी आणि डोके तल्लख. जुनी पिकअप कर्ज काढून घेतली आणि सहा महिने घराच्या परड्यात खपून तिच्या हौद्यात त्याने ध्वनियंत्रणा उभी केली होती.

आम्ही मोठ्या कुतूहलाने ती पाहिली. खालच्या रांगेत खर्जाचे चार अवजड डबे, त्यांना या धंद्यात ‘बेस’ म्हणतात. त्यांच्यावर तार सुरांचे ‘टॉप’, मागे अ‍ॅम्प्लिफायर आणि जनरेटर. “गाडीच्या बॅटरीवर चालणार नाही काय रे?” आम्ही विचारले. त्याने पाटीवर गणित मांडावे तसे सांगितले, “सर, बारा व्होल्टांतून हजार वॅट काढायचे म्हटले तर 83 अँपिअर लागतात. उष्णतेत जाते ते धरले तर शंभराच्या वर. माझे तर कितीतरी हजार वॅट. बॅटरी कुठली पुरणार की!”

प्रत्येक डब्यात अठरा इंची स्पीकर. चुंबकाच्या क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने कागदी शंकू मागेपुढे ढकलावयाचा, ही रीत राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 मध्ये सिद्ध केली. ती आजही मूळ रूपात चालू आहे. परंतु नुसता स्पीकर खर्ज देत नाही. शंकूच्या पुढची हवा दाबली जाते त्याच क्षणी मागची विरळ होते, आणि दोन्ही लाटा एकमेकींस गिळतात. म्हणून डबा हवा. तो अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा, आतून आडव्या पट्ट्यांनी जखडलेला आणि सांध्यासांध्यांतून हवाबंद केलेला. दर्शनी बाजूस एक खाच मात्र मुद्दाम ठेवलेली.

ती खाच दाखवताना तो हसला. “ओळखली का सर? तुमची बाटली!”

खरोखरच ती आमची बाटली होती. आतील हवा स्प्रिंगसारखी आणि खाचेतील हवेचा दट्ट्या तिच्यावर डोलणारा. डब्याचे घनफळ वाढवले किंवा खाचेची नळी लांबवली की सूर उतरतो, खाच रुंद केली की चढतो. गोव्याच्या घुमटात काही अंशी हेच तत्त्व घुमते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला, आणि थील व स्मॉल यांनी 1961 ते 1973 या काळात ऑस्ट्रेलियात स्पीकर आणि डबा यांच्या मापांचे असे गणित बसवले की पुढे अंदाजपंचे सुतारकाम करण्याचे कारण उरले नाही. आमच्या विद्यार्थ्याने आपले डबे 40 हर्ट्‌झला, म्हणजे सेकंदास चाळीस आंदोलनांना, लावले होते. त्याखालचे सूर तो विद्युत् गाळणीने अडवी. तसे न केल्यास शंकूस हवेचा आधार राहत नाही आणि तो हेलकावे खाऊन फाटतो.

“ऐकून तर बघा की,” म्हणून त्याने यंत्रणा सुरू केली. वाचकहो, ते ऐकणे नव्हते. छातीच्या पिंजऱ्यावर कोणी मुठी आपटाव्यात तसे झाले. शेजारच्या घराचे पत्रे थरथरले, पाळण्यातले मूल किंचाळून उठले. 40 हर्ट्‌झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरांहून अधिक असते. घरांच्या कोपऱ्यांना ती सहज वळसा घालते, आणि खिडकी मिटून तिला अडवणे शक्य नसते.

एवढ्यात त्याची पहिलीतली लेक धावत आली. आवाज आता बंद होता. तिने बापाच्या पाठीमागून म्हटले, “बाबा, सात वाजले. आजी बोलावते.” तो वळला नाही. तिने सदरा ओढून पुन्हा तेच सांगितले. तेव्हा तो खाली बसला, तिचा तळवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि काळजीने म्हणाला, “काय झाले गं हाताला?”

‘सात’ त्याला ‘हात’ ऐकू आले होते.

नारळ आमच्या हातातच राहिला. आम्ही खोदून विचारले तेव्हा कळले, की चार वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांवर काम करताना कानात शिट्टी वाजू लागली होती. पूर्वी ती सकाळपर्यंत थांबे, हल्ली थांबत नव्हती. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. श्रवणचाचणीच्या आलेखात 4000 हर्ट्‌झच्या आसपास रेषा खोल खड्ड्यात उतरलेली होती. मोठ्या आवाजाने बधिर झालेल्या कानाची ती ठळक खूण. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. स, श, त यांसारखी नाजूक व्यंजने ऐकू येतात ती याच उंच पट्ट्यातल्या ध्वनींनी. स्वर शाबूत राहतात, व्यंजने गळतात. कोणी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या आम्हांस तो आलेख वाचणे जड गेले.

85 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास, ही कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने शिफारस केलेली मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. मिरवणूक तर रात्रभर चालते.

मग ही चढाओढ कशासाठी? आम्ही त्याच्यासमवेत वही घेऊन बसलो. वॅट दुप्पट केले तर वाढ तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटावयाचा तर वॅट दसपट हवेत. डबे आणि वॅट दोन्ही दुप्पट केले तर खर्जात फार तर सहा डेसिबल वाढतात, आणि मोकळ्या जागी श्रोता दुप्पट अंतरावर उभा राहिला की तेवढेच कमी होतात. म्हणजे शेजारच्या मंडळाच्या गाडीवर मात करावयास काढलेले कर्ज चार पावलांत विरून जाते! तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

कायदा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही पातळी ठरवली आहे. ध्वनिवर्धक वाजत असलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर 75 ही कमाल मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या नियमांना बळ दिले. परंतु या मोजणीचा मापक माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे जुळवलेला असतो. 50 हर्ट्‌झच्या ध्वनीतून तो सुमारे तीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. तेव्हा छाती हादरवणाऱ्या खर्जाचा पुरता हिशेब त्या आकड्यात येत नाही. तो आपला आपणच ठेवला पाहिजे.

गाडी विकून टाक, असे आम्ही त्याला सांगितले नाही. कर्ज आमच्या डोक्यावर नव्हते, आणि ज्या बुद्धीने ती घडली तिचे पहिले कौतुक आम्हीच केले होते. त्याने आपल्या मनाने दोन बेस उतरवले, अ‍ॅम्प्लिफायरला मर्यादा घातली, आणि स्वतःसाठी व हाताखालच्या पोरांसाठी कानात घालावयाची बुचे आणली. त्या गणपतीत दोन मंडळांनी त्याची सुपारी फिरवली. त्यांना अधिक दणका हवा होता. हप्ता भरताना त्याची ओढाताण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही.

लोकमान्यांनी 1893 मध्ये पुण्यात या उत्सवास सार्वजनिक रूप दिले ते लोकांनी एकत्र यावे, व्याख्याने आणि मेळे ऐकावेत म्हणून. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर या उत्सवांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी कानावर पडत ठेवली. ज्या आवाजात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही आणि जो पुढे घरातल्या लेकराचा शब्दही हिरावून नेतो, त्याने उत्सव मोठा होतो काय, याचा विचार प्रत्येक मंडळाने वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी करावा.

माघात आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. ध्वनिव्यवस्था त्यानेच केली, पैसे न घेता. बोलण्यास खर्ज नको म्हणून बेस बंद, केवळ टॉप, तेही मंद. मुलांच्या नाटकातील शब्द न् शब्द पटांगणाच्या टोकापर्यंत स्वच्छ पोहोचत होता. आम्ही फिरत फिरत शेवटच्या रांगेपाशी गेलो. तेथे तो लेकीला कडेवर घेऊन उभा होता. प्रेक्षक हसले, की तो तिच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारी, “काय म्हणाला गं तो?”

आणि ती त्याला सांगत होती.