परदेशात सामना का दिसत नाही? प्रक्षेपण हक्कांचा भूगोल

शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या भारतीयांना पहिल्याच महिन्यात एक अनुभव हमखास येतो. भारतात भ्रमणध्वनीवर रोज उघडणारे अ‍ॅप तेथे ‘ही सेवा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ एवढेच सांगते. वर्गणी भरलेली असते, आंतरजालाचा वेगही पुरेसा असतो. तरीही भारताचा सामना दिसत नाही. याचे कारण तांत्रिक नसून व्यापारी आहे.

क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण हक्क देशागणिक विकले जातात. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क जून २०२२ मधील लिलावात एकूण ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्यांत परदेशांसाठीचा गट वेगळा होता आणि तोही एकाच कंपनीकडे गेला नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका व्हायकॉम १८ कडे, तर अमेरिका आणि पश्चिम आशिया टाइम्स इंटरनेटकडे गेले. त्यामुळे पुण्यात, लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये एकच चेंडू दाखविण्याचा अधिकार वेगवेगळ्या कराराने ठरतो. भारतापुरते हक्क घेतलेल्या वाहिनीला सीमेबाहेर चित्र पोहोचविता येत नाही. दर्शक कोणत्या देशात आहे, हे त्याच्या जोडणीच्या आयपी पत्त्यावरून ओळखले जाते आणि प्रक्षेपण रोखले जाते.

मग दूरदर्शन तरी दिसावे, अशी अनेकांची अपेक्षा असते. ती स्वाभाविक असली तरी कायदा तिच्या आड येतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे संकेत प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर २००७ च्या अधिनियमाने बंधनकारक केले. मात्र ही तरतूद प्रसार भारतीच्या भूस्थित व थेट घरपोच, म्हणजे डीटीएच, जाळ्यांपुरती आहे. ज्यांच्याकडे केबल वा वर्गणीची सोय नाही, अशा देशातील दर्शकांपर्यंत सामना पोहोचावा, हा तिचा उद्देश आहे. परदेशस्थ दर्शक त्यात बसत नाही.

पूर्वीची अडचण निराळी होती. ऐंशीच्या दशकात मालिका व सामने व्हिडिओ कॅसेटवर ध्वनिचित्रमुद्रित होऊन नातेवाइकांच्या सामानातून परदेशी जात. भारतात ‘पाल’ ही प्रणाली होती, अमेरिकेत ‘एनटीएससी’. त्यामुळे घरून प्रेमाने पाठविलेली कॅसेट तेथील साध्या यंत्रावर नीट चालत नसे. ती रूपांतरित करून घ्यावी लागे. आखातातील बहुतेक देशांत मात्र ‘पाल’च असल्याने तेथील मराठी कुटुंबे या बाबतीत भाग्यवान ठरली. दूरदर्शनने १९९५ मध्ये परदेशांसाठी आंतरराष्ट्रीय वाहिनी सुरू केली. तीच पुढे डीडी इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली.

हक्क मिळाले तरी घड्याळ उरतेच. भारतात सकाळी साडेनऊला सुरू होणारी कसोटी हिवाळ्यात दुबईत सकाळी आठला, लंडनमध्ये पहाटे चारला, तर न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्री अकराला सुरू होते. कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवणाच्या ताटावर बसून पहिले सत्र पाहण्याची चैन तेथेच परवडते. ९ जून २०२४ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील विश्वचषक सामना न्यूयॉर्कजवळ झाला, तेव्हा त्याची नियोजित वेळ स्थानिक सकाळी साडेदहाची, म्हणजे भारतातील रात्री आठची होती. सामना अमेरिकेत, पण वेळ भारतीय दर्शकांच्या सोयीची! बाजारपेठ कोठे आहे, हे त्यावरून समजते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी धावत्या वर्णनावर एक पिढी वाढली. भारतात आयपीएलच्या डिजिटल प्रक्षेपणात मराठी समालोचनाचा पर्याय मिळाला. परदेशात तो मिळणे तेथील हक्कधारकाच्या मर्जीवर अवलंबून असते. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या कानावर ‘झेलबाद’, ‘धावचीत’ हे शब्द पडण्याचा एक सहज मार्ग त्यामुळे अरुंद होतो.

अनधिकृत संकेतस्थळांचा आसरा घेणारेही पुष्कळ आहेत. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय उपकरणात घातक प्रणाली शिरण्याचा धोकाही असतो. त्यापेक्षा त्या देशात हक्क कोणाकडे आहेत, हे मालिकेगणिक तपासून घेणे इष्ट. कारण हक्कधारक प्रत्येक करारानंतर बदलू शकतो. अधिकृत वर्गणी घेतल्यावरही आंतरजालावरील चित्र उपग्रहावरील चित्राच्या काहीसे मागे असते, आणि गडी बाद झाल्याची वार्ता बहुधा घरून आलेल्या दूरध्वनीवरच आधी कळते.