दाढेच्या खाचा आणि फिलिंगचा आकार

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पाच उंचवटे आणि त्यांच्यामधून वळणे घेत जाणाऱ्या खाचा असतात, आणि वरच्या दाढेचे उंचवटे खालच्या दाढेच्या खाचांत बसतात म्हणूनच शेंगदाणा रगडला जातो. कीड लागण्याची सुरुवातही बहुधा याच खाचांत होते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाची दाढ पडलेली नसताना, सर्वांत मागे उगवणारी पहिली कायमची दाढ अनेक घरांत दुधाचीच समजली जाऊन दुर्लक्षित राहते. तिच्या काही खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस तळाशी पोहोचत नाही. तेथे साचलेल्या गोड-पिठूळ कणांपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातील, म्हणजे इनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. उंचवट्यांवर दोन-अडीच मिलिमीटर जाड असणारे हे कवच खाचेच्या तळाशी फार पातळ असल्यामुळे वर नुसती काळी रेघ दिसत असताना आतला मऊ थर पोखरला गेलेला असू शकतो.

अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितलेला उपाय कठोर होता: किडलेल्या भागाबरोबर लगतच्या निरोगी खाचाही कोरून फिलिंगमध्ये घ्याव्यात. त्या काळच्या साधनांचा विचार करता तो रास्तही होता, पण त्यात चांगला दात खर्ची पडे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल किंचित खडबडीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट धरते हे दाखवून दिले, आणि पुढे त्यातूनच न कोरता खाचा बुजवणारे ‘सीलंट’ आले.

तरीही फिलिंग म्हणजे केवळ खड्डा भरणे नव्हे. दोन दाढांमधली बाजू भरताना दंतवैद्य दाताभोवती धातूची पातळ पट्टी गुंडाळून फटीत पाचर ठोकतो, ती शेजारच्या दाढेशी नेमका स्पर्श साधावा म्हणून. हा स्पर्श सैल राहिला तर प्रत्येक जेवणानंतर तेथे अन्न अडकून हिरडी सुजते, आणि कडा गरजेपेक्षा फुगीर राहिली तर तिच्याखाली जिवाणूंचा थर साचतो. उंची तपासण्यासाठी निळा कागद चाववला जातो, मात्र बधिर जबड्याने रुग्ण नेहमीसारखा चावत नाही, त्यामुळे फिलिंग उंच असल्याचे पुष्कळदा घरी गेल्यावर जाणवते. दातांना काही शतांश मिलिमीटरचा फरकही कळतो. ‘सवय होईल’ म्हणून दुखणे अंगावर काढण्यापेक्षा परत जाऊन उंच भाग घासून घेणे हे काही मिनिटांचे काम असते.